शब्दचर्चा : ‘प्रीती’ की ‘प्रेम’? आणि ती एकटी पुरते का?

वसईकर :
चर्चमधल्या तरुण मुलांसाठी नीतीवर चार सत्रं घ्यायची आहेत. मराठी टिपण करायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी पहिल्याच ओळीवर अडलेय. विषय असा : ‘प्रेम असलं की पुरे, मग नियम कशाला?’ माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, ‘प्रीती’ लिही, पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, तोच शब्द आहे. पण मुलांना ‘प्रीती’ म्हटलं की भावगीतं आठवतात. या दोन शब्दांत अर्थाचा काही फरक आहे, की एक जुना आणि एक नवा एवढंच?

नगरकर :
फरक आहे, आणि मला तो सोबतच्या क्रियापदांत दिसतो. मराठीत प्रेम बसतं, जडतं, वाटतं, उतू जातं, आटतं. माया लागते, लळा लागतो. यातलं काहीच हुकमावरून होत नाही. ‘प्रेम करणं’ आपण म्हणतो खरं, पण तेही बहुतेक वेळा आधीच होऊन बसलेल्या गोष्टीबद्दल. शास्त्रातलं वाक्य मात्र सरळ आज्ञा आहे : ‘तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर.’ शेजारी नावडता असला तरी. जे वाटायला हवं त्याची आज्ञा देता येत नाही, जे करायला हवं त्याची देता येते. आमच्याकडे उपासनेत हा शब्द लहानपणापासून कानावर असतो, त्यामुळे गाणी आठवत नाहीत. ‘प्रीती करणं’ म्हणजे आजाऱ्याकडे जाणं, डबा पोचवणं, रुसलेल्या भावाशी आपण होऊन बोलणं.

शिवाय शब्द परका नाही. तुकोबांचं ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती’ घ्या. ‘करी’ आणि ‘लाभाविण’, दोन्ही तिथे आहेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत. असे शब्द हाताशी होते म्हणूनही तो पूल पेलला, असं मला वाटतं.

मडगावचा वाचक :
कोकणीत आमचा एकच शब्द, मोग. देवाचा मोग, आईचा मोग आणि लग्नाआधीचा मोगही. पाद्री प्रवचनात ‘मोगाळ भावा-भयणींनो’ म्हणतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही. एका शब्दात सगळं भागतं.

जुना शिक्षक :
नगरकरांचं क्रियापदाचं निरीक्षण आवडलं. पण एक सावधगिरी. बायबलातल्या ‘प्रीती’मागे ग्रीक शब्द आहे अगापे. ‘अगापे म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रीती’ असं प्रवचनांतून इतकं ऐकू येतं की शब्दातच पावित्र्य भरलेलं आहे असं वाटू लागतं. तसं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ हे १६वं वचन. तीनच वचनं पुढे, माणसांनी प्रकाशापेक्षा अंधाराची ‘आवड धरली’. ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे! मराठी भाषांतरकारांनी दुसऱ्या ठिकाणी ‘प्रीती’ हा शब्द खर्चला नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दाविदाचा मुलगा अम्नोन याला सावत्र बहीण तामार हिच्याविषयी जे वाटलं, ज्याचा शेवट बलात्कारात झाला, त्यालाही हेच क्रियापद आहे.

म्हणजे ग्रीक शब्द स्वतःहून दिशा सांगत नाही. ती सभोवतालच्या मजकुरातून येते. ‘प्रीती पुरे का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळतं.

वसईकर :
पण सर, प्राचीन चर्चचा मोठा बिशप ऑगस्टिन, त्यानंच म्हटलंय ना, ‘प्रीती कर आणि मग तुला हवं ते कर’? मुलं हेच वाक्य घेऊन येणार. जोसेफ फ्लेचर या अमेरिकन धर्मगुरूंनी १९६६मध्ये हीच भूमिका पुस्तकभर मांडली : नियम दिव्यासारखे जवळ ठेवा, पण प्रसंगी आज्ञा मानायची ती एका प्रीतीची. मला ते पटतंही. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे खुद्द येशूचं वचन आहे. नियमावर बोट ठेवून माणसं चिरडलेली आपण पाहिली आहेत.

जुना शिक्षक :
ताई, ते वाक्य कुठे आलंय ते पाहा. इसवी सन ४०७च्या सुमारास, योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या सातव्या प्रवचनात. ऑगस्टिन तिथे दाखला देतो : बाप मुलाला मारतो, आणि मुलं पळवणारा त्याला गोंजारतो. वरून पाहिलं तर गोंजारणं बरं, मूळ पाहिलं तर मारणं. मग म्हणतो, गप्प राहायचं तर प्रीतीने राहा, ओरडायचं तर प्रीतीने ओरड, सुधारायचं तर प्रीतीने सुधार.

दाखला अचूक आहे. पण त्या काळात उत्तर आफ्रिकेत चर्चपासून फुटून निघालेल्या डोनाटस पंथीयांशी वाद पेटला होता, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यावर सरकारी बळ वापरायला त्यानं पत्रांतून पाठिंबा दिला. तोही प्रीतीच्याच नावाने : भरकटलेल्यांना आत येण्यास भाग पाडणं त्यांच्या भल्याचंच आहे म्हणून. इतक्या मोठ्या मनाच्या, इतक्या खोल माणसाचं हे झालं. मी त्याला ढोंगी मानत नाही, त्याची प्रीती खरी होती असंच मानतो. म्हणूनच मला भीती वाटते.

नगरकर :
यावरून मराठीतला ‘-पोटी’ आठवला. प्रेमापोटी, मायेपोटी, काळजीपोटी. ‘तुझ्या भल्यासाठीच’ हा त्याचाच भाऊ. मुलीचं शिक्षण थांबवलं जातं ते काळजीपोटी.

आणि घरचंच सांगते. लहानपणी आमच्याकडे कामाला एक मावशी होत्या. ‘त्या आमच्या घरच्याच’ असं सगळे अभिमानानं म्हणायचे. सणाला साडी, आजारपणात औषध, सगळं व्हायचं. पगार मात्र कधी वेळेवर नसायचा, कारण घरच्या माणसाला कसली घाई! त्यांनी कधी मागितला नाही. घरच्या माणसानं मागायचा कसा? आमची माया खरी होती हो. तिच्यामुळेच त्यांचं तोंड बंद झालं होतं, हे मला चाळिशीत कळलं.

जुना शिक्षक :
मग जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय उघडाच. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे मूळचं तिथलं, १८वं वचन. आपण ते सुटं काढून भिंतीवर लावलं. त्याच्या आगेमागे काय आहे? शेताचे कानेकोपरे कापू नका, सरवा गरिबांना राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. न्याय करताना गरिबाची भीड नको आणि मोठ्याची मुर्वत नको. पुढे खरी तागडी, खरी वजनं. तुमच्या मावशींचा पगार १३व्या वचनात आहे.

प्रेषित पौलाचं ‘प्रीती हे नियमशास्त्राचे पालन होय’ हेही मी याच्यासोबत वाचतो. त्याच्या आधीच्याच वचनात तो व्यभिचार, खून, चोरी, लोभ एकेक नाव घेऊन सांगतो. फिलिप्पै इथल्या ख्रिस्ती मंडळीसाठी तो प्रार्थनेत मागतो तेही नुसतं प्रीती वाढो असं नाही, ती ‘ज्ञानाने व विवेकाने’ वाढो असं.

शब्बाथाबद्दल ताईंचं मात्र पूर्ण मान्य. नियमाचा जीव प्रीतीतच आहे. पण ‘मूळ आहे’ आणि ‘एकटीच पुरते’ ही मराठीत दोन वेगळी वाक्यं आहेत, तुमच्या टिपणातही ती वेगळीच राहू द्या.

वसईकर :
मग मी ‘प्रीती’च ठेवते, आणि पहिल्याच पानावर ‘प्रीती वाटणे’ व ‘प्रीती करणे’ एकाखाली एक लिहिते. प्रश्न असा फिरवते : ‘ज्याच्यावर प्रीती करतोस, त्याचं तुझ्याकडे काही देणं राहिलंय का?’ मावशींची गोष्ट नाव न घेता सांगितली तर चालेल का?

नगरकर :
जरूर सांगा.

वसईकर :
आभार. अजून एक अडचण. त्याच अध्यायात ३४व्या वचनात प्रीतीची आज्ञा पुन्हा येते, ती परदेशीयाबद्दल : तुम्हीही मिसर देशात (इजिप्तमध्ये) परदेशी होता. आमच्या मुलांना ‘परदेशी’ म्हटलं की विमानानं आलेला गोरा पर्यटक दिसतो. मला तिथे नाक्यावर कामाची वाट पाहत उभा असलेला परप्रांतीय मजूर दिसायला हवाय. ‘उपरा’ लिहू का?

जुना शिक्षक :
‘उपरा’ बसतो. पण तो शब्द तोंडावर फेकून मारलेला मी ऐकलाय. मुलांपैकीच कुणाला तो ऐकून घ्यावा लागला असेल, तर आधी त्याला विचारा.