टेस्ट राइडच्या आठवणी: 'साहेब, पाय टेकतात ना?'

मधल्या_फळीतला
कपाट आवरताना बँकेच्या जुन्या पासबुकांत एक पिवळं पडलेलं कोटेशन सापडलं. रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१६. गाडी तेव्हा नुकतीच आली होती, ४११ सीसीवाली. मी ३८ वर्षांचा, उंची पाच फूट चार इंच, डोक्यात हिमाचलातलं स्पिती.

सीटची उंची ८०० मिलिमीटर. कागदावर काहीच वाटत नाही. शोरूमचा पोरगा मागे बसला, म्हणाला, "साहेब, पाय टेकतात ना? मग सिग्नलपर्यंत जाऊन यू टर्न." जाताना खड्डे शोधून शोधून त्यातून घातली आणि एकही पाठीपर्यंत आला नाही. स्वर्ग. यू टर्नला रस्ता डावीकडे उतरता होता. डावा पाय खाली सोडला तर खाली काहीच नाही! पावणेदोनशे किलोच्या वरचं धूड कलायला लागलं. मागच्या लंबूटांग पोराने दोन्ही पाय रोवले म्हणून वाचलो. त्याने कोणाला काही सांगितलं नाही, देव त्याचं भलं करो.

लाजेखातर कोटेशन घेतलं. घरी सांगितलं, "गाडी छान आहे, पण तुला मागे बसायला उंच पडेल."

काल सोसायटीतल्या एका मुलाने हिमालयन ४५० आणली. "काका, बसून तर बघा." नाही बसलो. रात्री झोप नाही. तुमचे असे अनुभव असतील तर लिहा. गाडी घेतली की नाही हे महत्त्वाचं नाही.

घाटवेडा
दोन्ही पाय सपाट टेकायला ती काय खुर्ची आहे का. बूड थोडं डावीकडे सरकवायचं, डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. मी पण पाच पाच आहे. ४५० ची सीट ८२५, वर केली तर ८४५. वेगळी लो सीट मिळते, ८०५ ची. टेस्ट राइडच्या गाडीला ती लावलेली असेलच असं नाही, आधी फोन करून विचारा.

निशिगंध
माझं उलटं. २०१९, हिरोची एक्सपल्स २०० बघायला गेले, सोबत भाऊ. सेल्सवाला सगळं भावालाच सांगतोय. इंजिन, मायलेज, ईएमआय. भाऊ आयुष्यात अॅक्टिव्हाच्या पुढे गेलेला नाही. तो आपला हं हं करतोय. मी चावी मागितली तर "मॅडम, खाली स्कूटरचा सेक्शन आहे". चावी घेतली, भावाला मागे बसवलं आणि गेले. पुढचं चाक २१ इंची, गंगापूर रोडचे गतिरोधक आले कधी गेले कधी कळलं नाही. भावाला कळले. परत आल्यावर तो सेल्सवाल्याला म्हणाला, "पाणी आहे का?"
घेतली. अजून आहे. बाकी नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली

तिखटजाळ
@मधल्या_फळीतला मुद्दा सोडून विचारतो, दिवाळी लांब आहे, आत्ता कपाट का आवरताय? काही झालंय का घरी?

चाकणी_शिफ्ट
केटीएमची ३९० अॅडव्हेंचर आमच्या चाकणलाच बनते. कंटेनरमध्ये चढताना रोज बघायचो, हात लावला २०२० ला. सीट ८५५. बसलो की वरातीतला नवरदेव.
माझी जन्माची सवय स्प्लेंडरची, सगळे गिअर खाली. या गाडीला पहिला खाली, बाकी सगळे वर. पोरगा मागे बसून तेच सांगत होता, मी हो हो करत होतो. तिसऱ्यावर मस्त ओढली, चौथा टाकायला पाय खाली दाबला. पडला दुसरा. इंजिन किंचाळलं, मागच्या पोराचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर ठाण्णकन. स्लिपर क्लच असतो म्हणून मागचं चाक लॉक झालं नाही, नाहीतर दोघंही रस्त्यावर. पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, स्प्लेंडर का?"

निशिगंध
😂😂 पाणी आहे का?

रंकाळा_राउंड
भावा स्प्लेंडर का हे लय भारी. आमच्याकडं सेकंडहँडवाल्यानं चावी दिली, म्हटला गगनबावड्यापर्यंत जाऊन या, पेट्रोल तुमचं. मित्राला त्याच्याजवळ तारण ठेवून गेलो. करूळ घाटात वरनं धुकं, खाली काय दिसंना. तीन तासानं आलो तर दोघं मिळून जेवत बसलेले. गाडी घेतली नाही. मित्र मात्र आता त्याच्याकडंच कामाला हाय.

सुपारीबाग
नोव्हेंबर २०२३ ला गोव्यात वागातोरला ४५० बाहेर आली तेव्हा मी म्हापशात, मेव्हण्याचं लग्न. मुहूर्त आणि जेवण यांच्या मधे पळालो. झब्ब्यावर. गर्दीत गाडी दिसली नाही, लोकांची डोकी दिसली. परत आलो तर पंगत उठलेली. सोलकढी मिळाली तेवढीच. बायको अजून बोलते. टेस्ट राइड नाही ही, पण अनुभव तर आहे.

जुनी_येझदी
कलली तर धरायला जाऊ नका, कंबर जाईल. माझी गेली आहे. पडू द्या, मग उचला. इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड खाली करून ठेवा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे जाणार नाही. गिअरमध्ये टाका. गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं, एका हाताने हँडल, एका हाताने मागची दांडी, आणि पायाच्या जोरावर मागे मागे चालत उठायचं. पाठीने नाही, मांड्यांनी. ६२ वय आहे माझं, उचलतो.
वर कोणी लिहिलंच नाही म्हणून सांगतो, टेस्ट राइडला दोन मिनिटं उभं राहून चालवून बघा. या गाड्यांची खरी परीक्षा तीच. वाकावं लागलं तर हँडल तुमच्या मापाचं नाही.

तिखटजाळ
शोरूमच्या रस्त्यावर उभं राहून? मागचा पोरगा राजीनामा देईल

घाटवेडा
त्याला खाली उतरवायचं. @रंकाळा_राउंड गगनबावड्याला गरम भजी कुठे मिळतात, रविवारी येतोय

रंकाळा_राउंड
स्टँडजवळ कुठंबी. धुकं असलं की सगळीच चांगली लागत्यात

मधल्या_फळीतला
सगळ्यांना एकत्रच उत्तर. कपाट बायकोने आवरायला लावलं होतं, आणि धागाही तिने वाचला. म्हणाली, "नऊ-दहा वर्षं मला वाटत होतं माझ्यामुळे राहिली. पाय तुमचे पुरत नव्हते आणि खापर माझ्या माथी?" काय बोलणार. शनिवारी ११ ची वेळ घेतली आहे. ती येते म्हणाली. मागे नाही बसणार, यू टर्नला रस्त्याच्या कडेला उभी राहून बघणार आहे.

निशिगंध
वहिनींना व्हिडिओ काढायला सांगा!!

जुनी_येझदी
मांड्यांनी. पाठीने नाही.