दोहा एल मदानी: भुवनेश्वरची ती रात्र

'२०२४ च्या पुरस्कारामुळे मोरोक्कोची फुटबॉलपटू दोहा एल मदानी अचानक पुढे आली' असं मत ऐकायला मिळतं, ते मला पटत नाही. आफ्रिकेतली सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून तिचं नाव त्या डिसेंबरात माराकेशला जाहीर झालं, हे खरं. पण तिला आपण त्याच्या दोन वर्षं आधीच पाहिलंय, तेही आपल्याविरुद्ध खेळताना! १४ ऑक्टोबर २०२२, भुवनेश्वरचं कलिंग स्टेडियम, १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक. मध्यंतरापर्यंत ०-० होतं आणि आपल्या मुली छान झुंजत होत्या. मग मोरोक्कोला पेनल्टी मिळाली, ती दोहाने मारली आणि सामना फिरला. पुढे यास्मिन झुहैर आणि जेन्ना शेरीफ यांनी गोल केले, आपण ०-३ हरलो. मी टीव्हीसमोर अक्षरशः डोकं धरून बसले होते, पण त्या पोरीचं नाव तेव्हापासून लक्षात राहिलं.

मोरोक्कोचा या वयोगटातला तो पहिलाच विश्वचषक होता. ब्राझील आणि अमेरिकेकडून हरून तोही संघ गटातच बाद झाला. फरक पुढे पडला. दोहाला राबातच्या आस फार या लष्कराच्या क्लबकडून वरच्या पातळीवर खेळायला मिळालं, २०२४ मध्ये तो क्लब आफ्रिकन चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. आपल्या त्या संघातल्या किती मुलींना पुढच्या दोन वर्षांत असे सामने मिळाले?