सहा सेकंद चुकणाऱ्या घड्याळाला सव्वातीन लाख?

उद्यमनगरी: काल इथं एकानं लिहिलं, "आपल्या कोल्हापुरात स्विस घड्याळांचं प्रदर्शन! सव्वातीन लाखांचं ऑटोमॅटिक मनगटावर चढवलं, मागच्या काचेतून बॅलन्स व्हील, म्हणजे वेळ धरणारं डोलतं चाक, बघितलं, डोळ्यांत पाणी आलं." पाणी? ३० वर्षं लेथवर उभा आहे, बारीक काम मलाही कळतंय. पण रोज सरासरी ४ सेकंद मागं नाहीतर ६ सेकंद पुढं पळालं तरी त्याला स्विस क्रोनोमीटरचा, म्हणजे अचूकपणाचा, दाखला मिळतोय. पाचशेचं बॅटरीवरचं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. हिशेब करा, मग रडा.

चावीवाला: रडलेला मीच. केला हिशेब. दिवसाचे सेकंद ८६,४००, त्यात चूक ६. म्हणजे मीटरभर शाफ्टवर ७० मायक्रॉन; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. तेपण बॅटरीशिवाय, नुसत्या स्प्रिंगवर, सेकंदाला ८ ठोके टाकत, रंकाळ्याला फेरी मारताना हात हलत असतोय तेव्हासुद्धा.

उद्यमनगरी: ७० मायक्रॉन? रिजेक्ट. पार्टी गाडी परत पाठवंल.

शाहूपुरीची आक्का: तुमचं लाखाचं तुमच्यापाशी. आमच्या अण्णांचं एचएमटी जनता पडून बंद झालं. दुरुस्तीला घेऊन गेलो, सात महिने फेऱ्या मारून कंटाळलो. शेवटी दुकानदार म्हणाला, पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. अण्णा नवीन मिळतात काय?

पेठकर: 'गेलो', 'कंटाळलो'? आयडी तर आक्का आहे.

शाहूपुरीची आक्का: कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात. घड्याळावर बोल.

पेठकर: घड्याळावरच बोलतो. एचएमटी सरकारी आळसानं बुडालं. २०१६ ला टाळं लावायचं ठरलं तेव्हा आत उरलं काय होतं?

चावीवाला: नुसता आळस नाही भावा. १९६१ ला जपानच्या सिटिझन कंपनीला धरून बंगळूरला सुरू झालेला कारखाना. एके काळी जावयाला एचएमटी नाही दिलं तर मांडवात रुसवा. १९६९ ला जपानच्याच सेकोनं क्वार्ट्झ आणलं आणि पुढं चावीच्या घड्याळांचा बाजारच उठला. स्वित्झर्लंडमध्येपण कारखाने बंद पडले. उद्यमनगरीचं लाडकं क्वार्ट्झ!

उद्यमनगरी: व्हय, मीच बुडवलं. टाका केस.

शाहूपुरीची आक्का: भांडत बसा. पापाच्या तिकटीजवळच्या एका म्हाताऱ्या घड्याळवाल्यानं भिंग लावून बघितलं. बॅलन्सचा दांडा मोडलाय म्हणे. उद्यमनगरी, टर्नर आहेस न्हवं? दे करून.

उद्यमनगरी: माप विचारून आलो. टोकाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. माझ्या लेथवर होत नाही. झालं समाधान? ७० मायक्रॉन मात्र रिजेक्टच.