जिन्यातले खोके आणि गच्चीची किल्ली

ग्रुप: बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

८.४२ सप्रे, ४०१ (सेक्रेटरी)
सर्व सभासदांना नम्र विनंती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, मीटरच्या कपाटाला चिकटून पुठ्ठ्याचे खोके, तेलाचे रिकामे कॅन, डबे वगैरे तीन आठवडे पडून होते. दोनदा तोंडी सांगून झाले. आज सकाळी मी स्वतः उभा राहून ते कचरागाडीत दिले. जिना सामायिक आहे. 🙏

८.४४ मंदार, १०४
स्वतः उभा राहून 🙏🙏

८.४९ खांडेकर काकू, २०३
सप्रे साहेब, त्या "वगैरे"मध्ये काय काय होतं ते बघितलंत का? पडून नव्हतं ते, वाळत होतं. खाली कागदाच्या लगद्याच्या चार टोपल्या होत्या. आठ दिवसांची मेहनत. माझं दार तिथून चार पावलांवर आहे, वाजवायचं होतं.

८.५२ पुराणिक काका, ३०२
गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

८.५३ सप्रे, ४०१
काकू, आपल्या कलेबद्दल आदरच आहे. पण मीटरशेजारी पुठ्ठा म्हणजे उद्या एक ठिणगी उडाली तर लोक कोणाला धरणार? सेक्रेटरीला. शिवाय खोक्याच्या पुठ्ठ्यात त्या नळ्यानळ्या असतात, त्यात झुरळं घर करतात. इंदूर शहराचा २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर, आणि आपल्या जिन्याची ही दशा.

८.५५ मंदार, १०४
झुरळांकडून मेंटेनन्स घ्या ना साहेब, काही फ्लॅटवाल्यांपेक्षा वेळेवर देतील

८.५६ वाघ, १०२ (खजिनदार)
मंदार, विषय निघालाच आहे तर १०४ चे जानेवारी ते मार्च बाकी आहेत.

८.५६ मंदार, १०४
भिया, मजाक होती

८.५८ जैन भाभी, २०१
काकू, माझ्यासाठी जो कॅनचा पीठ काढायचा स्कूप बनवला होता तो पण गेला काय?

९.०४ खांडेकर काकू, २०३
नाही भाभी, तुमचा घरात आहे. पाच लिटरच्या पारदर्शक कॅनचा आहे. मूठ तशीच ठेवायची, झाकण घट्ट लावायचं आणि बुडाकडून तिरका काप द्यायचा. कापलेली कड बोटाला लागते, म्हणून मंद इस्त्रीवर बटर पेपर ठेवून ती कड नुसती टेकवायची. प्लास्टिक आत वळतं, गुळगुळीत होतं. कागद न ठेवता टेकवलीत तर इस्त्री गेली म्हणून समजा. माझी एक गेली आहे.

९.०५ जैन भाभी, २०१
पण तेलाचा वास जात नाही वो

९.०९ खांडेकर काकू, २०३
आधी पाणी घालायचंच नाही. मूठभर जुनं बेसन टाकून खडखड हलवायचं, ते तेल ओढून घेतं. ते झटकून मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण, चमचाभर सोडा, आणि रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी धुऊन दोन दिवस उन्हात, झाकण उघडं ठेवून. उकळतं पाणी ओतू नका, कॅन चेमटतो.

९.१२ रेगे सर, १०१
याचं कारण सांगतो. बुडाशी त्रिकोणात १ आकडा असेल तर ते पेट प्लास्टिक. साधारण ७० अंशांच्या वर ते मऊ पडू लागतं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते बरीच उष्णता सोसतं. लोक आकडा न बघता गरम लोणचं भरतात. फिनाइल, ॲसिड, रंग यांच्या डब्यांत खायचं काही ठेवूच नये, कितीही धुतलं तरी. ३०४ मध्ये रंगाच्या बादलीत गहू आहेत असं कानावर आलं आहे.

९.१३ अदिती, ३०४
सर, ती बादली नवी आणली होती. आणि कानावर कोणी घातलं तेही कळू द्या.

९.१५ पुराणिक काका, ३०२
गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

९.१७ सप्रे, ४०१
पुराणिक साहेब, किल्ली मीटरच्या कपाटात खिळ्यावर असते. कृपया विषयांतर नको.

९.१९ अदिती, ३०४
विषय डब्यांचाच आहे तर माझंही ऐका. काकूंच्या बाल्कनीत अर्धे कापलेले कॅन टांगलेत, त्यात मनी प्लांट, त्यात पाणी. लहान मूल आहे घरात. डेंगूचा डास अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो.

९.२१ खांडेकर काकू, २०३
दर शनिवारी पाणी बदलते मी. आणि डासांचंच म्हणत असशील तर पार्किंगमधल्या त्या निळ्या पिंपात वाकून बघ. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीला आणलेलं पिंप अजून पाण्यासकट उभं आहे. कोणाचं आहे ते मी लिहीत नाही.

९.२२ मंदार, १०४
मी लिहू का? 🙋

९.२३ सप्रे, ४०१
ते पिंप झाडांना पाणी घालण्यासाठी ठेवले आहे. सोसायटीच्याच झाडांना.

९.२६ रेगे सर, १०१
दोघांसाठीही लिहितो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याला पाणी बदलणं बरोबर. पण नुसतं ओतून देऊन भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, सुकली तरी टिकून राहतात. आतून घासावं लागतं. पिंपही. पिंपाला झाकणही लागतं.

९.२८ वाघ, १०२
झाकणाचा खर्च सोसायटीवर पडणार नाही हे नोंदवून ठेवतो.

९.३१ पुराणिक काका, ३०२
खिळा नाही. रंगकाम झालं तेव्हाच उपटला गेला. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

९.३६ जैन भाभी, २०१
काकू, त्या लगद्याच्या टोपल्या कशा करतात ते मला शिकायचं होतं. माझ्या सासूबाई पण करायच्या.

९.४७ खांडेकर काकू, २०३
माझ्या आजेसासूबाईंची पद्धत सांगते. रद्दीचे बारीक तुकडे तीन-चार दिवस पाण्यात भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग पिळून खलबत्त्यात कुटायचे, कागदाचा कागदपणा जाईपर्यंत. त्यात भिजवून वाटलेली मेथी आणि थोडी मुलतानी माती. मेथीने चिकटपणा येतो आणि कडूपणामुळे कीड फिरकत नाही. पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं, त्यावर लगदा थापायचा. तळ जाड, काठ पातळ नको. सावलीत वाळवायचं, उन्हात तडा जातो. म्हणून तर जिन्यात ठेवल्या होत्या. माझ्या बाल्कनीत सकाळपासून दुपारपर्यंत ऊन असतं. हौस म्हणून नव्हत्या ठेवल्या.

९.४९ रेगे सर, १०१
उत्तम. मात्र छापील कागद आहे, त्यामुळे आत थेट खाद्यपदार्थ नको. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्न वर्तमानपत्रात बांधायलाही मनाई आहे, शाईमुळे. कांदे, लसूण, बटाटे ठेवायला हरकत नाही, त्यांना सालं असतात.

९.५० मंदार, १०४
सर मग इंदुरात पोहे कशावर खायचे?

९.५० रेगे सर, १०१
प्लेटमध्ये.

९.५१ मंदार, १०४
गुन्हा आहे हा

९.५५ खांडेकर काकू, २०३
आमच्याकडे सियागंजाच्या बाजारातून तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा यायचा. रिकामा झाला की पत्रेवाल्याकडून झाकण आणि कडी बसवून घ्यायचे, त्यात वर्षाचे गहू. डालड्याचा पिवळा डबा फुटला की त्यात तुळस. कोणी त्याला कचरा म्हटलं नाही. आता कॅन फेकून चारशेचा डबा आणतात, आणि तो फेकायचा कुठे ते गाडीवाल्याला विचारतात.

९.५६ सप्रे, ४०१
साठवण आणि पसारा यात फरक आहे, एवढेच नम्रपणे म्हणतो.

९.५७ खांडेकर काकू, २०३
फरक एवढाच की साठवण स्वतःची असते आणि पसारा दुसऱ्याचा.

१०.०२ पुराणिक काका, ३०२
सर्वांना नम्र सूचना. आमच्या सौभाग्यवतींनी तीन दिवस गहू भिजवून चीक काढला. आज साडेसहाला आम्ही दोघांनी गच्चीवर कुरडया घातल्या. माकडं येतात म्हणून चौकीदाराने कुलूप लावलं आणि आठला ड्यूटी संपवून गेला. फोन बंद. आता पश्चिमेकडे आभाळ काळं दिसतं आहे. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

१०.०३ अदिती, ३०४
काका, हे आधी नाही का सांगायचं!

१०.०३ पुराणिक काका, ३०२
चौथ्यांदा विचारतो आहे.

१०.०६ जैन भाभी, २०१
खिळा निघाल्यापासून चौकीदार किल्ली तिथेच एका डब्यात टाकतो ना? काकूंच्या सामानातला गोल डबा, झाकणवाला. मी बघितलं आहे.

१०.०७ वाघ, १०२
म्हणजे ती गाडीत गेली.

१०.०८ सप्रे, ४०१
मी सर्व डबे रिकामे असल्याची खात्री करून मगच दिले होते.

१०.०८ वाघ, १०२
हलवून बघितले होते?

१०.१० सप्रे, ४०१
वाघ साहेब, खिळा बसवून घेण्याचे बिल आपण मंजूर केले नाही, हेही नोंदवून ठेवा.

१०.११ वाघ, १०२
एका खिळ्याचे १५० रुपये कोण देतं? माझ्या कपाटातला दिला असता.

१०.१३ रेगे सर, १०१
डबा पत्र्याचा की प्लास्टिकचा? कोणत्या कप्प्यात टाकला त्यावर आहे. सुका कचरा ट्रान्सफर स्टेशनवर जाऊन पुढे छाननीला जातो. चुकून ओल्यात गेला असेल तर देवगुराडियाला. तिथला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला ५५० टन होती.

१०.१४ मंदार, १०४
सर, ५५० टनांत एक किल्ली. मी स्कूटर काढतो. पुराणिक काका, शक्य झालं तर आणतो, नाहीतर कुरडयांच्या आठवणी ठेवा.

१०.१५ पुराणिक काका, ३०२
अभद्र बोलू नये. कुलूप तोडायची परवानगी द्या.

१०.१६ सप्रे, ४०१
कुलूप सोसायटीची मालमत्ता आहे. कमिटीची तातडीची बैठक

१०.१६ अदिती, ३०४
पहिले थेंब पडले इकडे

१०.१९ सप्रे वहिनी, ४०१
[फोटो]
हाच डबा का? मी आत्ताच ग्रुप उघडला. सकाळी यांनी सगळं खाली नेण्याआधी मी यातलं जरा चांगलं चांगलं आत घेऊन ठेवलं होतं. चांगला डबा होता, टाकवेना. मी यात लसूण भरला, खाली काहीतरी खुळखुळत होतं, मला वाटलं आधीचीच पाकळी असेल.

१०.१९ मंदार, १०४
😂😂😂 स्कूटर परत लावतो

१०.२० खांडेकर काकू, २०३
वहिनी, टोपल्याही घेतल्यात का?

१०.२१ सप्रे वहिनी, ४०१
हो काकू. एकीत कांदे, एकीत बटाटे. फारच हलक्या आणि मजबूत आहेत. तुमच्याच आहेत हे मला माहीत नव्हतं, खरंच.

१०.२१ खांडेकर काकू, २०३
आणि उरलेल्या दोन?

१०.२२ सप्रे वहिनी, ४०१
यांच्या कपाटात. मोजे ठेवले आहेत. एकीत सोसायटीच्या पावत्या.

१०.२३ जैन भाभी, २०१
🙈

१०.२४ वाघ, १०२
कोणत्या पावत्या?

१०.२५ सप्रे, ४०१
किल्ली घेऊन मी स्वतः वर जात आहे. हा ग्रुप फक्त कामाच्या मेसेजसाठी आहे याची सर्वांना पुन्हा आठवण. 🙏

१०.२६ मंदार, १०४
स्वतः 🙏

१०.४८ पुराणिक काका, ३०२
कुरडया उचलल्या. पाच-सहा भिजल्या, बाकी वाचल्या. सप्रे साहेबांनी परातीही धरल्या. आभार. आता पंख्याखाली पसरल्या आहेत.

१०.४९ खांडेकर काकू, २०३
वहिनी, टोपल्या राहू द्या. कांदे काढू नका. फक्त त्यांना सांगा, पुढच्या वेळी दार वाजवायचं.

१०.५१ पुराणिक काका, ३०२
वाळल्यावर भरून ठेवायला मोठा डबा कोणाकडे आहे?