मदत हवी आहे: पापाची किंमत क्रुसावरच फेडली गेली, तर पुनरुत्थान कशासाठी?

नमस्कार. आमच्या मंडळीतल्या तरुणांचा बायबल अभ्यास मी घेते. एका मुलीने विचारलं, "येशू क्रुसावरच 'पूर्ण झाले आहे' म्हणाला ना? मग तिसऱ्या दिवशी उठण्याने आपल्या तारणात काय भर पडली?"

देवाने बलिदान स्वीकारल्याची ती खूण, हे नेहमीचं उत्तर मी दिलं. पण नव्या करारातली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल त्याहून पुष्कळ पुढे जातो. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुम्ही अजून तुमच्या पापांतच आहात, असं तो करिंथकरांना बजावतो (१ करिंथ १५:१७). रोमकरांना लिहितो की आपण नीतिमान ठरावं म्हणून तो उठवला गेला (४:२५). नुसती खूण असती, तर तिच्यावाचून आपण पापात का राहिलो असतो?

मला वाटतं, अडचण आपल्या शिकवणीत आहे. पापाने देवाचा मान हिरावला, त्याची भरपाई देवमानवच करू शकतो, ही कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याची १०९८ च्या सुमाराची मांडणी. पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी भरपाईच्या जागी शिक्षा आणली: आपल्या वाट्याची शिक्षा ख्रिस्ताने भोगली. दोन्हींत मरणाला सगळा अर्थ मिळतो, पुनरुत्थान मागून आल्यासारखं वाटतं. उलट पहिल्या शतकांतले ग्रीक आचार्य पाप, मरण आणि सैतान यांच्यावरच्या विजयाबद्दल बोलत. तिथे पुनरुत्थानावाचून विजयच नाही. पण मग रक्ताचं, प्रायश्चित्ताचं काय?

याचा धागा मला जुन्या करारातल्या लेवीय १६ मध्ये सापडतोय. प्रायश्चित्ताच्या दिवशी बकरा बाहेर मारला जातो, पण काम तिथे संपत नाही. प्रमुख याजक त्याचं रक्त पडद्याआत, परमपवित्र स्थानात नेऊन दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, शिंपडतो. इब्री लोकांस पत्राच्या ९ व्या अध्यायात ख्रिस्त असाच स्वर्गात, देवापुढे, आपल्यासाठी जातो. मेलेला याजक आत जाणार कसा? म्हणजे बलिदान पुरं व्हायलाच तो जिवंत हवा. हे वाचून मी फार हलले, खरं सांगते.

पण इब्री पत्रात पुनरुत्थानाचा उघड उल्लेख अगदी थोडा, भर स्वर्गारोहणावर. त्यामुळे हे वाचन पौलाच्या वाक्यांना जोडणं योग्य आहे का? आणि 'पूर्ण झाले आहे' याचा अर्थ मग कसा लावायचा? कॅथलिक वाचकांनी मिस्साच्या (ख्रिस्ताच्या बलिदानाचं स्मरण करणाऱ्या उपासनेच्या) अंगानेही जरूर लिहावं. मराठीत वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा. पुढच्या रविवारी त्या मुलीला उत्तर द्यायचं आहे.