ऍटकिन गेला, सुहेली राहिली. मग जपायचं नक्की काय, कागद की होडी?

वेरेकर_शीडवाला: काल गोव्यात रायबंदरहून फेरीने दिवाडी बेटावर जात होतो तेव्हा थुरिया ही शिडाची होडी आठवली. नौदलाचा अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोबला, म्हणजे एकट्याने जगाला फेरी मारायच्या शिडांच्या शर्यतीला, जी घेऊन गेला ती, इथेच दिवाडीत बांधलेली, सुहेलीची प्रतिकृती. आणि सुहेली म्हणजे ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 32 फुटी, मुंबईत सागवानात बांधलेली, 1968-69 मध्ये 312 दिवसांत कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारलेली. तिचा नकाशा विल्यम ऍटकिन या अमेरिकन माणसाचा, डिझाइनचं नाव एरिक. तो वारला 1962 ला आणि सुहेली पाण्यात उतरली 1964 ला, म्हणजे बिचाऱ्याला कळलंही नाही. आपल्याकडे टॉमी सगळ्यांना ठाऊक, ऍटकिन कुणाला? माझं मत, अशा होड्यांचे नकाशे, मोजमापं, साचे सगळं गोव्यात एका जागी जपायला हवं आणि होडी बांधायची तर त्या रेघेला रेघ धरूनच, नाहीतर त्याचं नाव लावू नये.

बेतुलची_पोर: असहमत. एरिक तरी ऍटकिनच्या डोक्यातून सरळ आली का? नॉर्वेच्या कॉलिन आर्चरची 47 फुटी बचावनौका, पुढून-मागून दोन्हीकडे टोकदार, तीच त्याने 1920 च्या दशकात आटवून 32 फुटांवर आणली. आर्चरच्या माणसांनी तुमच्यासारखा हट्ट धरला असता तर एरिक नाही, सुहेली नाही, थुरिया तर नाहीच नाही.

वेरेकर_शीडवाला: अहो पण आटवायला समोर मूळ रेघा होत्या म्हणून आटवता आली ना!

खारवी_काका: बाबा रे, वादळात थुरियाची डोलकाठी मोडली, टॉमीच्या पाठीला जबर मार बसला, दुसऱ्या बोटीने येऊन त्याला काढला. कागद काय करणार तिथे? आमच्याकडे होडी मेस्ताच्या, म्हणजे होडी बांधणाऱ्या सुताराच्या, नजरेने होते, लाकूड बघून तो ठरवतो फासळी कुठे वाकवायची ते. जपायचा तर मेस्त जपा, त्याच्या पोराला पगार द्या. आज ती पोरं फायबरच्या बोटींना रंग मारतायत नाहीतर शॅकवर.

मडगावचा_इंजिनियर: काकांना अर्धा प्लस वन. नौदलाच्या शिडाच्या होड्या म्हादेई आणि तारिणी घ्या, दोघी दिवाडीच्याच, दोन्हींचं डिझाइन टोंगा 56, हॉलंडच्या वॅन डी स्टाडच्या कंपनीचं. तो स्वतः 1999 लाच वारला, म्हादेई आली 2009 ला. तिच्यातून नौदलाचे दिलीप दोंदे एकट्याने जगाला फेरी मारून आले, मग टॉमी कुठेही न थांबता मारून आला, तारिणीतून नौदलाच्या सहा जणी जाऊन आल्या. म्हणजे माणूस नसला तरी ऑफिसात ड्रॉइंग नीट ठेवलेलं असलं की काम चालतं, यात भावनेचा काही संबंध नाही, फाइल नीट लावणं एवढाच. पण मेस्त म्हातारा झाला की त्याच्या नजरेची फाइल कुठून काढणार?

बेतुलची_पोर: मग कौंडिण्य या शिडाच्या जहाजाचं काय? 2025 मध्ये नौदलात आली, दोरीने शिवलेली, तीही आपल्या गोव्यातच बांधली. तिचा नकाशाच नव्हता कुठे! केरळच्या कारागिरांनी फळ्या शिवल्या. हातात कसब होतं म्हणून झाली.

वेरेकर_शीडवाला: आणि आकार कुठून आला? अजिंठ्याच्या भिंतीवरून! पाचव्या शतकात कुणीतरी रंगवून ठेवलं म्हणून. तरी नुसत्या चित्राने भागलं नाही, मद्रास आयआयटीत मॉडेल चाचण्या कराव्या लागल्या. रंगवणाऱ्याऐवजी बांधणाऱ्यानेच चार मापं लिहून ठेवली असती तर किती त्रास वाचला असता. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

बेतुलची_पोर: हा, इथे मी अडकले, कबूल. पण रेघेला रेघ वगैरे तरीही नाही पटत. माझे आजोबा होड्या बांधायचे, प्रत्येक होडी वेगळी, रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची) वेगळी, नदीतली वेगळी. ते गेल्यावर त्यांचे लाकडी साचे आमच्याच घरात पावसाळ्यात चुलीत गेले, कुणाला काय ते कळलंच नाही. तीन-चार उरलेत माळ्यावर, वाळवी लागलीय. त्यावर काही लिहिलेलं नाही, नुसत्या कोयत्याने मारलेल्या खुणा.

खारवी_काका: खुणा पुसू नको गो! त्या खुणा म्हणजेच मापं. आमच्या बापाच्या साच्यांवरही असायच्या, दोन खुणा म्हणजे नाळेकडची, पुढच्या टोकाची फासळी. कुणीतरी वाचून दाखवायला पाहिजे.

मडगावचा_इंजिनियर: काका, तुम्ही वाचाल? मी टेप, कॅमेरा आणि मोठा कागद आणतो.

खारवी_काका: रविवारी भरती सकाळची आहे, मासळी उतरवून दहापर्यंत येतो. माळ्यावर चढणार नाही हां, साचे खाली काढून ठेवा.