हिशेब येत असूनही आप्पांनी कांदा का विकला नाही?

चाळकरी:
2025 च्या उन्हाळ्याची गोष्ट. एप्रिलअखेर कांदा साठवायच्या चाळीत 100 क्विंटल उन्हाळ कांदा भरला. मेमध्ये क्विंटलला 1,400 रुपये भाव मिळत होता. आप्पा म्हणाले, "तीन हजाराखाली चाळ उघडायची नाही." जूनमध्ये 1,500 झाला, तर "चढतोय, थांब." ऑगस्टमध्ये 1,200 वर आला, तर "एवढं थांबलोय, आता पोळा होऊ दे." ऑक्टोबरात चाळ फोडली. वर कोंब, खाली काजळी, मधल्या कांद्याला पाणी सुटलेलं. चार बाया दोन दिवस निवडत होत्या. 62 क्विंटल हाती लागला, तो 1,100 ने गेला.

मेमध्ये 1,40,000 आले असते, आले 68,200. मजुरी वेगळी. उरलेल्या 62 क्विंटलात मेची रक्कम गाठायची तर 2,258 भाव लागला असता. आप्पांना हे कळत नाही असं नाही, सोसायटीच्या कर्जाचं व्याज ते तोंडी काढतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक माणूस असतो. सगळे पर्याय मांडतो, तोलतो, जास्त फायद्याचा उचलतो. तो आमच्या ओट्यावर कधी आला नाही. माझं मत असं की तो कुठेच नसतो. आपण आधी ठरवतो, कारणं मागून गोळा करतो.

हिशेबी:
असहमत. निकाल बघून निर्णयाला नावं ठेवताय. मे 2025 मध्ये आप्पांसमोर काय होतं ते बघा. निर्यातशुल्क 1 एप्रिलला शून्य झालेलं. बाहेरचा बाजार मोकळा, म्हणजे भाव चढेल असं कोणालाही वाटावं. आदल्या वर्षी सप्टेंबरात किती गेला होता?

चाळकरी:
शेजारच्या चाळीतला 4,200 ने गेला.

हिशेबी:
मग मांडा. 62 क्विंटल गुणिले 4,200 म्हणजे 2,60,400. वाईट गेलं तर तुमचे 68,200. दोन्हीची शक्यता निम्मी-निम्मी धरली तर सरासरी 1,64,300. मेमध्ये विकण्यापेक्षा 24,300 जास्त. आप्पांनी कागदावर मांडलं नसेल, पण डाव तर्काला धरूनच होता. हरलेला डाव म्हणजे चुकीचा डाव नव्हे.

खुंटी:
निम्मी शक्यता कुठून आणली, हिशेबीराव? फाशाची शक्यता मोजता येते, दिल्लीच्या अधिसूचनेची नाही. 19 ऑगस्ट 2023 ला अचानक 40 टक्के निर्यातशुल्क. त्याच डिसेंबरात निर्यातबंदी. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही शुल्क ठेवूनच. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइटने 1921 मध्येच हा फरक सांगितला होता: जोखमीला आकडा लावता येतो, खऱ्या अनिश्चिततेला नाही. तुमची सरासरी अशा आकड्यावर उभी आहे जो तुम्ही मनाने घातला. एक तृतीयांश धरा, बेरीज 1,40,000 च्या खाली जाते. म्हणजे उत्तर हवं तसं काढता येतं.

शिवाय चाळकरींच्या धाग्यातली (वरच्या पहिल्या पोस्टमधली) खरी गोष्ट तुम्ही सोडलीत. जूनमध्ये "चढतोय, थांब" आणि ऑगस्टमध्ये "उतरलाय, थांब". भाव चढो की उतरो, उत्तर एकच निघतं तेव्हा तो हिशेब राहत नाही. मानसशास्त्रज्ञ कानेमन-ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवलं ते हेच: नफा-तोटा आपण शून्यापासून नाही, मनात रोवलेल्या खुंटीपासून मोजतो. खुंटीच्या खाली असलो की निश्चित तोटा घेण्यापेक्षा जुगार बरा वाटतो. आप्पांची खुंटी 3,000 ची होती, म्हणून 1,400 हा त्यांना भाव वाटलाच नाही, तोटा वाटला.

पगारी_माणूस:
शेतकऱ्यालाच का धरताय? मी हिंजवडीत बसून दिवसभर आकडेच बघतो. 480 ला घेतलेला शेअर 210 वर आहे, चार वर्षं झाली. "खरेदीला आला की काढतो." आणि जो चांगला होता तो आठ टक्के मिळाल्याबरोबर विकून मोकळा. बायकोने विचारलं, आज 210 ला हा नव्याने घेशील का? म्हटलं, वेड लागलंय का! मग ठेवलास का? यावर मी चहा टाकायला उठलो.

माहेर_निफाड:
वाचून गंमत वाटली. सगळे पुरुष एकाच दिवशी सगळी चाळ विकायला निघालेत.

माझी आई तीन वाटे करायची. पहिला मेमध्ये, सोसायटी आणि शाळेची फी. दुसरा पोळ्याच्या सुमारास. तिसरा दिवाळीआधी, तोवर गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, उरली तरी चालेल. सगळ्यात चांगला भाव तिला एकाही वर्षी मिळाला नाही. सगळ्यात वाईटही नाही. हर्बर्ट सायमन, 1978 चा अर्थशास्त्राचा नोबेलवाला, हेच सांगायचा: माणसाकडे सगळी माहिती नसते, सगळं तोलायला डोकं आणि वेळही नसतो, म्हणून तो सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. आईला सायमन ठाऊक असायचं कारण नाही.

आणखी एक. तमिळनाडूत 54 गावांतल्या 464 ऊसवाल्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर डोकं किती चालतं याची चाचणी घेतली होती. मुल्लैनाथन, शफीर वगैरे संशोधकांचं 2013 चं काम. माणसं तीच, पण तोडणीआधी, हात तंग असताना, कामगिरी कमी. तेव्हा "मेमध्ये विकायला हवा होता" असं म्हणताना मेमध्ये घरात काय काय थकलं होतं तेही सांगा.

हिशेबी:
तीन वाटे म्हणजे जोखीम वाटून घेणं. हे तर पाठ्यपुस्तकातलं तर्कशुद्ध वागणं! माझाच मुद्दा सिद्ध झाला.

खुंटी:
वा. थांबला तरी तर्कशुद्ध, वाटे केले तरी तर्कशुद्ध. उद्या आप्पांनी कांदा रस्त्यावर ओतला तर "निषेधाचं समाधान मिळालं" म्हणून तोही हिशेबात बसवाल. ज्या सिद्धांतात काहीच चुकीचं ठरत नाही तो सांगतो तरी काय?

हिशेबी:
हा टोला लागला, मान्य. तरी एक विचारतो. पश्चात्ताप ही खरी किंमत नाही का? शेजाऱ्याची ट्रॉली दुप्पट भावाने गेली तर माणूस वर्षभर झोपत नाही. ती झोप हिशेबात का धरायची नाही?

चाळकरी:
झोपेवरून आठवलं, मूळ धाग्यात सांगायचं राहिलं. 2024 ला आप्पांनी ऑगस्टमध्ये 2,600 ने सगळा कांदा देऊन टाकला होता. चांगला भाव होता, घरी पेढे आले. महिन्याने शेजारचा 4,200 ने गेला. त्या दिवसापासून आप्पा त्या बांधाने जात नाहीत, वळसा घालून विहिरीवर जातात. तीन हजार हा आकडा बाजारातून आला नव्हता, त्या बांधावरून आला होता.

माहेर_निफाड, तुमच्या आईचे तीन वाटे काल जेवताना आप्पांना सांगितले. भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "बरं आहे. पण पहिला वाटा विकला आणि दुसऱ्या दिवशी भाव वाढला, तर?"